निळा झोत

"आला! समुद्राचा श्वास आला!" ब्रदर अँब्रोज गरजला आणि जुन्या लोणी कारखान्याच्या थंड खोलीत बसलेल्या चाळीस माणसांनी एकदम तोंडं उघडली. छतातली झडप सरकली, सकाळचं ऊन तिरकं आत आलं आणि इतका वेळ न दिसणारी हवा उजळली. छतापासून जमिनीपर्यंत निळसर झोत उभा राहिला. म्हाताऱ्या बेरिलने तर हात जोडून डोळे पुसले.

"हे मीठ आहे, लेकरांनो! दक्षिण महासागराचं, कुणी न उष्टावलेलं! डोळ्यांनी बघा, छातीत भरा. दमा म्हणजे काय? समुद्राशी तुटलेलं नातं! ते नातं निळ्या पंपाने जुळतं का?"

"नाही!" चाळीस जण ओरडले. त्यांत माझी धाकटी बहीण विनी होती. लहानपणापासूनची दमेकरी. पहिल्याच रविवारी तिने आपला दम्याचा पंप धक्क्यावरून पाण्यात फेकला होता. तिथली दीक्षाच तशी होती.

मी मागच्या बाकावर कपाळाला हात लावून बसलो होतो. हा चमत्कार मला ओळखीचा होता, कारण तो माझाच होता.

मी क्लेम. आमच्या कड्यावरच्या हवा-केंद्रात एकतीस वर्षं नोकरी केली. समुद्रावरून येणारी हवा नळीने एका डब्यात ओढायची, आत दिवा लावायचा आणि हवेतले मिठाचे कण किती उजेड विखुरतात ते मोजायचं, हे माझं काम. वर्षातून एकदा गावकऱ्यांना केंद्र बघायला बोलवायचो. काचेच्या पेटीत खाऱ्या पाण्याचा फवारा मारायचो, टॉर्चचा झोत सोडायचो आणि छाती फुगवून सांगायचो, "बघा आपली हवा! अशी हवा जगात शोधून सापडायची नाही!" दोन वर्षांपूर्वी पहिल्या रांगेत अँब्रोज टॅटलो बसला होता. तेव्हा तो जुन्या कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं, विकायचा. सगळं वहीत उतरवून घेत होता. कुणीतरी लिहून घेतंय म्हणून मला कोण आनंद झाला होता!

एक गोष्ट मात्र त्याने लिहिली नव्हती. माझा झोत पांढरा होता. मिठाचे कण चांगले मोठे असतात, ते सगळे रंग सारखेच विखुरतात. झोत निळा दिसला तर कण फार बारीक आहेत असं समजायचं. इतके बारीक कण बहुधा धुराचे असतात.

वास कसा आला नाही कुणाला? आमच्याकडे हिवाळाभर घरोघरी लाकडं जळतात, सगळ्यांच्या कोटांनाच धुराचा वास. त्यात अँब्रोजने दाराला निलगिरीचं तेल चोपडलेलं. आत शिरताच नाक मोकळं झाल्यासारखं वाटायचं.

इकडे विनी घराच्या चार पायऱ्या चढताना दोनदा थांबायला लागली होती.

"नर्सकडे चल. नळीत फुंकून श्वासाचा आकडा तरी बघू," मी म्हणालो.

"डबा, काटा, आकडा! तुला दुसरं काही सुचतं का रे?"

पुढच्या रविवारी मी केंद्रातून मोडीत निघालेला जुना डबा दुधाच्या क्रेटमध्ये घालून नेला.

"ब्रदर, तुमची हवा मोजू? मीठ निघालं तर तुमचीच जाहिरात."

"मोजू द्या!" बेरिल म्हणाली. अँब्रोजला नाही म्हणता येईना.

निळ्या उजेडाचा आकडा तांबड्या उजेडाच्या तिप्पट आला, म्हणजे कण बारीक. मग मी नळीत ओलावा सोडला. मीठ ओलाव्याने फुगतं, आकडा उसळतो. हा जागचा हलला नाही.

"हे मीठ नाही. इथे काहीतरी जळतंय," मी म्हणालो आणि अँब्रोजच्या खुर्चीमागची जाळी ओढून काढली. आत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात निलगिरीची ओली साल धुमसत होती.

दोन-तीन जणांनी कोट उचलले. मला वाटलं, जिंकलो.

"लेकरांनो," अँब्रोज शांतपणे म्हणाला, "मीठ झोपलेलं असतं. त्याला जागं कोण करतं? अग्नी!"

"बरोबर आहे," बेरिल म्हणाली. "आपली हवा औषध आहे हे क्लेमनेच तर सांगितलं होतं."

"अहो, औषध नाही म्हटलं मी! स्वच्छ म्हटलं!"

"तेच ते."

पोलिसाकडे गेलो. "कुणाला बांधून ठेवलंय का?" त्याने विचारलं. नव्हतं ठेवलेलं.

विनीला घरी नेताना गाडीत तिच्यावर ओरडलो. "साल आहे ती, साल! धूर ओढतेस तू!"

"दिसलं मला. मी आंधळी नाही."

"मग?"

ती बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. "मला धाप लागली की तू आकडा विचारतोस. तिथे बेरिल पाठीवर हात ठेवते."

माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. घर येईपर्यंत ते तिथेच राहिले.

चाळिसांतले पंधरा जण अजूनही तिथे जातात. म्हणून हे लिहितोय. कुणी तुम्हाला हवेत देव दाखवला तर झोताचा रंग बघा. जाळी उचला, आत काय जळतंय ते विचारा. डॉक्टरने दिलेला पंप फेकू नका. आणि घरात कुणाला धाप लागत असेल तर आधी त्याच्या शेजारी जाऊन बसा, नाहीतर दुसरं कुणी बसेल. मला हे उशिरा कळलं.

दर रविवारी मी कारखान्याच्या पायरीवर नवा निळा पंप हातात घेऊन बसतो. आतून खोकला ऐकू येतो. पंधरांतला विनीचा कुठला ते मला ओळखता येतं. मी जाळी काढली त्या दिवसापासून दाराला आतून कडी असते.