वेळलेला पेंढा

स्वयंपाकात रुचिताची मजल कुकर लावण्यापलीकडे कधी गेली नव्हती. मानपाड्याच्या छोट्या कारखान्यात मात्र ती दीड वर्ष पेंढा शिजवत होती. बंद पोलादी भांड्यात पेंढा आणि नुसतं पाणी, एकशे नव्वद अंशांवर. तंतू सैल झाले की एन्झाइम घालून त्यांची साखर करायची. कागदावर सगळं गोडच होतं. हाती निम्मीसुद्धा साखर लागत नव्हती, आणि मालक केदारने बजावलं होतं, "शुक्रवारपर्यंत सत्तर टक्के दाखव, नाहीतर भांडं भंगारात आणि तू रंगांच्या खात्यात."

रुचिता हट्टाला पेटली. तिने उष्णता वाढवली, वेळ वाढवला. पेंढा काळा पडला आणि साखर आणखी घटली. बुधवारी भांडं निवायची वाट बघत ती रडकुंडीला येऊन बसली. बॉयलर सांभाळणारे परशुरामकाका इथल्याच गावचे. कारखाना यायच्या आधी याच जमिनीत त्यांनी भात लावलेला. त्यांना राहवेना.

"मॅडम, तुमी भात वेलत नाय का?"

"म्हणजे काय, काका?"

"भात शिजला का पेज ऊन ऊनच गालून टाकाची. भांड्यान थंड होऊ दिली तं शितांवर चिकट बसते."

रुचिता ताडकन उठली. एवढं शिकून अक्कल गहाण टाकली होती तिने! पेंढ्यातून सुटलेला चिकट भाग पाणी निवताना परत तंतूंवरच बसत होता, मग एन्झाइम आत शिरणार कुठून?

गुरुवारी दोघांनी खालची झडप उघडून ते पाणी दाबाखालीच, कढत असतानाच, दुसऱ्या बंद टाकीत सोडलं. उरलेल्या पेंढ्यात एन्झाइम घातलं आणि देवाचं नाव घेतलं.

शुक्रवारी आकडा आला ब्याऐंशी टक्के.

"साखर मोजायचं मशीन बिघडलंय," केदार म्हणाला. "परत लाव."

पुन्हा ब्याऐंशी. तिसऱ्यांदा त्याने नमुना स्वतःच्या हाताने भरला. एक्क्याऐंशी! रुचिताला आनंदाने हसावं की रडावं कळेना. तिने काकांना वाकून नमस्कारच केला. काका लाजून चूर झाले.

तेवढ्यात फाटकावर भंगारवाल्याचा टेम्पो हॉर्न वाजवू लागला. केदार बाहेर गेला.

"भांडं नाही मिळायचं. आलायस तर मुरबाडला जा, पेंढा भरून आण."

"किती, शेठ?"

"मावेल तेवढा."