उंबऱ्यापलीकडचं मीठ

अनगोळातल्या अक्काताईंच्या घरी जत्रेसाठी चुलीपासून माळ्यापर्यंत धुणंपुसणं चाललं होतं. घागरी चिंचेनं घासून लख्ख झाल्या होत्या. त्यांची सून प्रियदर्शनी मात्र सात महिन्यांच्या साईराजला घेऊन परसातल्या लाकडांच्या खोपीत बसली होती.

पोराचं आतडं अडकलं होतं. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून आतड्याचं तोंड पोटावर काढलं आणि त्यावर पिशवी लावली. पुढची शस्त्रक्रिया होईपर्यंत शी त्या पिशवीत उतरणार होती. बाकीची तान्ही अंगावर घाण करतात, तेव्हा घर हसतं. इथं पोटावरच्या पिशवीचा विटाळ झाला. ती साफ करणाऱ्या आईलाही स्वयंपाकघर बंद झालं.

"वारंवार भरवा, मऊ भातात तूप घाला. पिशवी पाण्यासारखी भरली तर साखर-मिठाचं पाणी पाजत लगेच आणा," डॉक्टरांनी बजावलं होतं.

अक्काताईंचा नातवावर जीव होता. आणि त्या मायेनंच त्यांनी घात केला.

"घातल्यालं समदं पोटातनं भाईर पडतंय. पोटाला जरा इसावा दे गं," त्या म्हणाल्या. "पावण्यांत वास सुटला तर?"

"आत्ती, उपाशी ठिवायचं न्हाय म्हणलेत डाक्टर."

"डाक्टर येतोय व्हय जत्रंला?"

भाताची वाटी दिवसातून दोनदाच येऊ लागली. सुनेचं ताटही सगळ्यांचं उरकल्यावर यायचं. तिचं दूध आटत चाललं.

जत्रेच्या सकाळी पिशवी पाण्यानं भरली. रिकामी केली, पुन्हा भरली. साईराजचे डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना. साबणानं हात धुऊन प्रियदर्शनी मागच्या दाराशी आली.

"आत्ती, वाईच मीठ-साखर द्या. पोरगं कसंतरी करतंय!"

"निवद हुंदे. मीठ काय पळून जातंय?"

तिचा नवरा नागेंद्र शिकलासवरलेला, शहरात नोकरीला, जत्रेसाठी घरी आलेला. तो आईकडे बघून पुटपुटला, "आजचा दिस दम धर गं."

तिनं धरला. या एका गोष्टीसाठी तिनं पुढं स्वतःला कधीच माफ केलं नाही. पोराची मान कलली तेव्हा मात्र तिनं उंबरा ओलांडला आणि मिठाची बरणी उचलली.

"निवद बाटिवलीस गं!" अक्काताई ओरडल्या.

तिनं मीठ-साखर पाण्यात कालवून चमचा ओठाला लावला. पाणी गालावरून ओघळलं. तेव्हा कुठं नागेंद्रनं गाडी काढली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काय पाजलंत?" सलाईन लावेपर्यंत सगळं संपलं होतं.

संध्याकाळी ती पोराला छातीशी धरून घरी आली. आत नवा नैवेद्य शिजून तयार होता. ती उंबऱ्याशी थांबली. पाहुण्यांच्या देखत तिनं सासूला विचारलं,

"आत्ती, आता पोटातनं कायबी भाईर येत न्हाय. आता तरी आत घिऊ काय ह्येला?"

अक्काताईंनी तोंडात पदर कोंबला. दारातले सगळे बाजूला सरले.

प्रियदर्शनी आत गेली नाही.