पट्टीवरची सही

घरातले सगळे उठायच्या आत थोरलीला न्हाणीघरात वीस मिनिटं लागत, आणि त्या घरात वीस मिनिटं सलग मिळणं म्हणजे लॉटरी लागण्यासारखंच होतं.

"आई, किती वेळ! माझी शाळा आहे," लेक दार वाजवत म्हणाली.

"आले गं, दोन मिनिटं."

आत थोरलीने डाव्या हाताने पोटाची लोंबती कातडी वर उचलून धरली होती. उजव्या हाताने ती खालची जागा पुसत होती, कोरडी करत होती. मग तिने पावडर टाकली आणि जुन्या मऊ सुती कापडाची घडी मांडीच्या सांध्यात दाबून बसवली. ही घडी दुपारपर्यंत ओली होई. दुसरी घडी ती डब्यात घालून कामावर नेत असे.

घरातली मोठी सून म्हणून तिला सगळे थोरली म्हणत. अडीच वर्षांपूर्वी तिचं वजन एकशे एकवीस किलो होतं, आता अडुसष्ट. मोजून खाल्लं, रोज पहाटे दीड तास चालली, गुडघे रडले तरी चालली. वजन गेलं, पण ज्या कातडीने ते इतकी वर्षं झाकलं होतं, ती जाणार कुठे? उशीतला कापूस काढून घ्यावा आणि अभ्रा तसाच राहावा, तसं तिचं झालं होतं. बेंबीपासून मांड्यांपर्यंत कातडीचा पदर लोंबत होता. त्याच्या खाली हवा लागत नसे. चट्टे उठत, चिरा पडत, पाणी सुटे, वास येई. बसमध्ये शेजारची बाई उगाच खिडकी उघडायला लागली की थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं होई.

बरं, बारीक हो बारीक हो म्हणून जीव कोणी खाल्ला होता? याच घराने. "आमच्या थोरलीला बाहेर काढायचं तर आधी दाराची चौकट काढावी लागेल," असं सासूबाई पाहुण्यांना हसत सांगत. नवरा रस्त्याने तिच्यापुढे दहा पावलं चाले, जणू ओळखच नाही. ती बारीक झाली तेव्हा मात्र त्याने तिचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा, बैठकीच्या खोलीत शेजारी शेजारी लावले. आल्यागेल्याला तो सांगे, "मी मागे लागलो म्हणून झालं हे!" मागे लागण्यापलीकडे त्याने काय केलं, हे एकाही पाहुण्याने विचारलं नाही.

थोरली एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात दहा वर्षं काम करत होती. तळघरातली लांबट खोली, एका भिंतीला धुण्याची यंत्रं, दुसऱ्या भिंतीला इस्त्रीचे रूळ, आणि टोकाला जंतू मारायची वाफेची टाकी. शस्त्रक्रियेच्या चादरी आणि झगे धुऊन, इस्त्री करून, ठरलेल्या क्रमाने घडी घालून त्यांचे गठ्ठे बांधायचे, वाफेच्या टाकीत घालायचे, बाहेर आले की पट्टी लावायची. पट्टीवर तारीख आणि खाली तिची सही. त्या सहीचा अर्थ असा, की हा गठ्ठा मी स्वतः तपासलाय, यात जंतू नाही, भोक नाही, केस नाही. सही नसेल तर वरची माणसं गठ्ठ्याला हात लावत नसत. एकदा तिची सही पुसट उमटली होती, तर टेबलावर निजवलेला माणूस अर्धा तास तसाच ठेवून डॉक्टरीणबाईंनी दुसरा गठ्ठा मागवला होता.

याच डॉक्टरीणबाईंनी तिची जखम पाहिली आणि म्हणाल्या, "हे सौंदर्याचं काम नाही. हे दुखणं आहे. ही कातडी काढावीच लागेल." कर्मचाऱ्यांच्या योजनेत ती शस्त्रक्रिया बसतही होती. बुधवारची तारीख मिळाली. थोरली कागद घेऊन भरतीच्या खिडकीवर गेली आणि तिथे घोडं अडलं.

"नवऱ्याची सही कुठाय?" कारकुनाने कागद उलटा सुलटा करून विचारलं.

"मी केलीय की सही. चाळीस वर्षांची आहे मी."

"ताई, मी कुठे नाही म्हणतोय! पण खाली ओळ आहे बघा. पती अथवा पालक."

"असा नियम कुठे लिहिलाय?"

"लिहिलेला नाही कुठेच. पद्धत आहे. उद्या तुमचे मिस्टर येऊन भांडले, तर मी काय सांगू?"

"आणि पुरुषांच्या ऑपरेशनला बायकोची सही घेता?"

कारकून हसला. "ताई, ओळीत पती लिहिलंय. पुरुषांना पती कुठून आणू?"

मागच्या रांगेतलेही दोघे तिघे हसले. थोरली कागद घेऊन घरी आली.

संध्याकाळी नवरा मोबाइल बघत बसला होता. सासूबाई शेजारी, लेक टेबलाशी गृहपाठ करत होती.

"अहो, बुधवारी ऑपरेशन ठरलंय. तुमची एक सही लागेल."

"कसलं ऑपरेशन?"

"लोंबती कातडी काढायची."

"झालीस की बारीक! आता आणखी काय?"

"पोरगी खांद्याला आली," सासूबाई म्हणाल्या, "आणि हिला आता हिरोईन व्हायचंय."

"आई, जखमा होतात हो तिथे. चालवत नाही मला."

"आमच्या वेळी काय जखमा नव्हत्या? कोणी कापून नाही घेतलं ते."

नवऱ्याने मोबाइल खाली ठेवला. "हे बघ, कपड्याच्या आत काय आहे ते बघणारा मी एकटा. माझी काही तक्रार नाही. मग हे चाललंय कोणासाठी?"

टेबलाशी लेकीचं पेन थांबलं. थोरलीची कानशिलं तापली. बारा वर्षांच्या पोरीसमोर! ज्याचं जळतं त्याला कळतं, हे या लोकांना कोणत्या भाषेत सांगायचं, ते तिला सुचेना.

तो बुधवार गेला. दुसरी तारीख मिळाली, तेव्हा नवरा म्हणाला, "धाकट्या भावाला विचारतो." हा भाऊ दुसऱ्या शहरात. वहिनीला त्याने वर्षभरात पाहिलं नव्हतं, पण तिच्या पोटाबद्दल त्याचं मत हवं होतं! भाऊ म्हणाला, घाई कशाला. तीही तारीख गेली. महिन्याभरात जखमेत पू झाला, ताप चढला आणि थोरली चार दिवस त्याच रुग्णालयात सलाइन लावून पडली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

चौथ्या दिवशी नवरा खाटेशी येऊन बसला. आवाज मऊ होता. "मी सही करतो. पण एक गोष्ट. त्यानंतर नोकरी सोडायची. घरी बसायचं."

"का?"

"आता तू पहिल्यासारखी नाहीस. लोक बघतात."

जाड होती तेव्हा याला तिच्याबरोबर दिसायची लाज वाटे. आता ती एकटी बाहेर दिसली की भीती वाटते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! थोरलीने तोंड भिंतीकडे वळवलं. "विचार करून सांगते," ती म्हणाली. आणि खरं सांगायचं, तर तिने दोन दिवस खरोखरच विचार केला. दुखणं माणसाला इतकं वाकवतं.

धुलाईघरात फाटके झगे शिवणारी एक म्हातारी बाई होती. तिला सगळ्या शिवणमावशी म्हणत. थोरलीने तिला सगळं सांगितलं.

"हो म्हणून टाक," शिवणमावशी म्हणाली. "सही पदरात पडली की मग बघू."

"आणि मग शब्द फिरवला म्हणून जन्मभर ऐकून घ्यायचं? मावशी, मी काही चोरी करत नाहीये. माझंच पोट आहे."

जखम सुकली तशी तिसरी तारीख मिळाली. मंगळवारी दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियांची यादी खाली आली. सातव्या ओळीत थोरलीचं नाव होतं आणि पुढे कंसात लिहिलं होतं, सही आल्यास. थोरलीने नेहमीसारखे गठ्ठे बांधले. सातव्याच्या चादरी तिने उजेडासमोर धरून तीनदा पाहिल्या. टाकीतून गठ्ठे बाहेर आले. सहा गठ्ठ्यांच्या पट्ट्यांवर तिने सही केली. सातव्यावर फक्त तारीख घातली आणि पेन खिशाला लावलं.

पाच वाजता वरून फोन आला. "सात नंबरच्या पट्टीवर सही नाही."

"माझी सही चालत नाही म्हणे," थोरली म्हणाली. "नवऱ्याची चालेल का विचारा."

दहा मिनिटांत डॉक्टरीणबाई स्वतः तो गठ्ठा घेऊन तळघरात उतरल्या. चांगल्याच चिडल्या होत्या.

"गठ्ठा नीट आहे ना?"

"नीट आहे. तीनदा बघितलाय."

"मग ही काय थट्टा लावलीयस? तुझ्या सहीशिवाय मी गठ्ठा उघडत नाही, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे बाई. दहा वर्षं माझ्या सहीवर विसंबून तुम्ही लोकांची पोटं उघडता. त्यात पुरुषांचीही असतात. तेव्हा कोणी म्हणालं नाही, की हिच्या नवऱ्याची सही आणा." थोरलीने पट्टीवरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "एवढ्या माणसांच्या जिवाला माझी सही पुरते. माझ्या स्वतःच्या पोटाला का पुरत नाही? तुमच्यामुळे माझ्या दोन तारखा गेल्या."

"माझ्यामुळे?"

"तुमचाच कागद आहे ना तो?"

शिवणमावशीने मशीन बंद केलं.

"ती ओळ मी कधी वाचलीच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भरलीय की नाही, एवढंच बघत आले." त्यांचा चेहरा उतरला होता. "चल वर."

खिडकीवर कारकुनाने पुन्हा पद्धतीचं तुणतुणं लावलं. डॉक्टरीणबाईंनी कागद ओढून घेतला आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारली. "नवरा भांडायला आला तर माझ्याकडे पाठव."

थोरलीने रेघेवर पुन्हा सही केली, खाली उतरली आणि सातव्या पट्टीवरही सही केली.

घरी तिने एवढंच सांगितलं, "उद्या ऑपरेशन आहे."

"मी सही केलेली नाही," नवरा म्हणाला.

"मी केलीय."

सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. नवऱ्याने पाठ फिरवली. लेक मात्र आईची पिशवी भरत होती. टॉवेल, कंगवा, चपला. कापडाच्या घड्यांचा डबा तिने आत ठेवला, मग जरा थांबली आणि परत बाहेर काढून फडताळात टाकला. इतक्या दिवसांत थोरली पहिल्यांदा रडली ती तेव्हा.

साडेपाच किलो कातडी निघाली. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत टाक्यांची ओळ, नळ्या, पट्टा, सहा आठवडे वाकून चालणं. सोपं काही नव्हतं. नवरा तिसऱ्या दिवशी आला, पाच मिनिटं खिडकीबाहेर बघत बसला आणि गेला. तो सुधारला, असं सांगून तुमची समजूत काढता आली असती, पण तसं काही घडलं नाही. भिंतीवरचा नंतरचा फोटो मात्र त्याने काढून ठेवला.

थोरली कामावर परतली, त्या दुपारी ती मुद्दाम भरतीच्या खिडकीवरून गेली. बाकावर एक बाई कागद मांडीवर घेऊन बसली होती. छातीत गाठ होती, नवरा परदेशी जहाजावर. फोन लागत नव्हता, तारीख परवाची होती. कागदावर तीच ओळ जशीच्या तशी छापलेली होती.

"अजून तीच ओळ?" थोरलीने कारकुनाला विचारलं.

"ताई, जुने कागद संपायला हवेत ना! कपाटात अजून चार हजार आहेत. डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय वर, बघू."

थोरली त्या बाईशेजारी बाकावर बसली. टाक्यांची जागा अजून ओढत होती. तिने खिशातलं पेन काढलं, बाईच्या हातात दिलं आणि ओळीवर बोट ठेवलं. "इथे आडवी रेघ मारा. वर तुमची सही करा. कोणी विचारलं तर तळघरातल्या थोरलीचं नाव सांगा."

बाईने घाबरत खिडकीकडे पाहिलं. मग रेघ मारली.

त्या दिवसापासून थोरली जेवणाचा डबा त्या बाकावरच उघडते, पेन शेजारी ठेवून. कपाटात चार हजार कागद आहेत, आणि तिची सुट्टी अर्ध्या तासाची.