धाकटा सतरा नंबर

मित्रांनो, आपली जीवनकथा सांगायला बसलेले बहुतेक जण आधी आपण किती जुने आहोत ते सांगतात. जुनी छत्री, जुनं घड्याळ, शाळेतला जुना बाक. माझी पंचाईत अशी की मी नवाकोरा आहे. माझं वय अवघं चार महिने, आणि त्यातले पहिले दोन खोक्यात गेले. पण राहिलेल्या दोन महिन्यांत इतकं काही घडलं की ते माझ्या पोटात मावेना. म्हणून सांगतो.

मी वाफेच्या इंजिनाचं छोटं रूप आहे. तुमच्या वितीपेक्षा थोडा कमीच लांब भरेन. माझा थोरला भाऊ खरा सतरा नंबर. तो एका छोट्या लाइनवर चौतीस वर्षं धावला आणि मग भंगारात गेला. आम्ही टँक इंजिनाच्या जातीचे. मोठ्या इंजिनांच्या मागे कोळशा-पाण्याचा वेगळा डबा जोडलेला असतो. आमचं तसं नाही. पाणी आमच्या दोन्ही कुशींच्या टाक्यांत आणि कोळसा पाठीशी, असा सगळा संसार अंगावर घेऊन आम्ही फिरतो. शिवाय पुढे जितके झोकात धावतो तितकेच मागेही धावतो. हे मी बढाई मारत नाही. जे आहे ते सांगतो आहे.

थोरल्याचे जुने नकाशे आणि फोटो शोधून एका कारखान्यात माझं माप काढलं गेलं. माझ्या टाकीवरचे रिवेट टाचणीच्या टोकाहून बारीक आहेत. शेवटी टोपी घातलेल्या एका बाईंनी मला रुळांच्या तुकड्यावर ठेवलं, कळ फिरवली आणि मी धावलो! फक्त दोन हात अंतर, पण काय सांगू, माझी सहाही चाकं आनंदाने वेडी झाली. बाई म्हणाल्या, "चालतंय. पुढचं." आणि लगेच मला स्पंजात झोपवून झाकण लावलं. मला इतका राग आला होता!

खोक्यावर लिहिलं होतं, "बाहेर काढा, रुळावर ठेवा, चालवा." हे वाक्य मी अंधारात किती वेळा घोकलं असेल! पण खोक्यातून बाहेर न येताच काहींचा जन्म जातो, अशी बातमी शेजारच्या खोक्यातल्या एकवीस नंबरने दिली. म्हणे काही लोक आम्हाला कपाटात ठेवतात आणि झाकणावरची धूळ तेवढी पुसतात.

पण माझं नशीब जोरावर होतं. मी एका शिंपीणबाईंकडे आलो. त्यांनी चौदा महिने आधीच माझ्यासाठी नाव नोंदवून ठेवलं होतं. माझ्या जन्माच्याही आधी! त्यांनी मला बाहेर काढलं तेव्हा पहिलं काय दिसलं माहीत आहे? त्यांच्या शिवणाच्या खोलीत, भिंतीला धरून चारी बाजूंनी फळी मारलेली, आणि त्या फळीवर थोरल्याची अख्खी लाइन. स्टेशन, पाण्याचा नळ, तीन कमानींचा पूल, आणि इस्त्रीच्या टेबलामागून वरच्या स्टेशनाकडे जाणारा मोठा चढ. झाडं लोकरीच्या तुकड्यांची, गवत हिरव्या फ्लॅनेलच्या भुशाचं. सिग्नलच्या तारा ब्लाउजच्या हुकांतून ओवलेल्या. बाई दिवसभर लोकांचे कपडे आणि पडदे शिवत आणि संध्याकाळी लाइन बांधत. चार वर्षं हे चाललं होतं.

हे सगळं त्यांनी केलं ते त्यांच्या बाबांच्या सांगण्यावरून. बाबा थोरल्या सतरा नंबरचे फायरमन. म्हणजे फावड्याने आगीत कोळसा टाकायचा, पाणी भरायचं, तेल द्यायचं, इंजिन पुसूनबिसून तयार ठेवायचं. आता त्यांची चौऱ्याहत्तरी झाली होती. मला तळहातावर घेऊन त्यांनी उलटसुलट फिरवून पाहिलं.

"कसं आहे बाबा?" बाईंनी विचारलं.

"बारीक झालंय," बाबा म्हणाले. "पण तेच आहे."

मला वाटलं, आता झालं, रोज धावायचं! पण बाबांनी हुकूम सोडला, "पहिली फेरी उस्ताद काढतील. तोवर कुणी हात लावायचा नाही." उस्ताद म्हणजे थोरल्याचे ड्रायव्हर. वय शहाऐंशी. त्यांची नात परदेशी निघाली होती आणि त्यांनाही बरोबर नेणार होती. मंगळवारी त्यांचं विमान होतं. त्याआधीच्या रविवारी सकाळी दहाला ते येणार होते. म्हणजे जे काय दाखवायचं ते त्याच दिवशी, एकदाच.

रविवार उजाडला. बाई एका गिऱ्हाइकाचे पडदे पोचवायला आठलाच बाहेर पडल्या. बाबा मात्र कधीचे दाढीबिढी करून तयार. त्यांच्या धंद्यातली रीतच तशी होती. ड्रायव्हर यायच्या दोन तास आधी फायरमनने यायचं आणि इंजिन नवरीसारखं तयार करून ठेवायचं. बाबांनी स्टूल ओढलं, शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेतली, आणि मित्रांनो, ते माझ्याशी बोलू लागले. माणसं यंत्रांशी बोलतात ते आम्ही ऐकत नाही असं समजून.

"तुला म्हणून सांगतो," ते म्हणाले. "माझ्या लग्नाच्या आधीचा आठवडा. डोकं ठिकाणावर नव्हतं. मागच्या डाव्या चाकाच्या पेटीत तेल घालायचं राहिलं. त्या मोठ्या चढावरच चाकाचा आस तापला, धूर निघाला. गाडी तीन तास उभी. चौकशी झाली तेव्हा उस्तादांनी लिहून दिलं की तेल बघायचं काम मीच केलं होतं, चूक माझी. त्यांची मेलगाडीवर बढती व्हायची होती. ती गेली. आणि मी तोंडाला कुलूप लावून बसलो. अठ्ठेचाळीस वर्षं. आज सांगणार आहे. आज नाही सांगितलं तर राहिलंच."

सांगता सांगता ते मला तेल देत होते. एक थेंब चाकाला, एक दांड्याला, पुन्हा चाकाला. माझ्याबरोबर आलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की दहा तास चालल्यावर सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब द्यावा. पण तो कागद बाबांनी वाचलाच नव्हता. फायरमनला कागद वाचून तेल द्यायला कोण शिकवणार! शिवाय चढावरच्या त्या दिवसापासून ते सगळ्यालाच जास्त तेल देत. घरातलं एकही दार कधी करकरत नसे. सायकलच्या साखळीने तर तीन पँटींची वाट लावली होती. त्यांनी मला नखशिखान्त भिजवलं, मग चिंधीने पुसलं, आणि त्या पुसण्यात तेल माझ्या चाकांच्या कडांवर पसरलं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, "बाबा, पुरे!" पण मला आवाज कुठला?

बरोबर दहाला उस्ताद आले. एका हातात काठी, दुसरा हात नातीच्या हातात. दारातच थांबून त्यांनी सगळी लाइन नजरेखालून घातली. मग काठी उचलून म्हणाले, "पाण्याचा नळ डावीकडे होता."

"डावीकडेच आहे उस्ताद," बाबा म्हणाले. "तुम्ही पलीकडून बघताय."

उस्ताद फेरी घालून अलीकडे आले. "हं," म्हणाले.

बाई एव्हाना परतल्या होत्या. त्यांनी कळीचा डबा उस्तादांच्या हातात दिला. "काका, उजवीकडे फिरवलं की वेग. मागे घेतलं की थांबतं."

"म्हणजे रेग्युलेटरही हाच आणि ब्रेकही हाच? मग फायरमन काय करणार, नुसता बसून हवा खाणार?" असं म्हणून ते खुर्चीत ताठ बसले. पुढे बघत त्यांनी विचारलं, "आग?"

"तयार," बाबा म्हणाले. त्यांचाही पाठकणा ताठ.

"पाणी?"

"भरलंय."

"तेल?"

"दिलंय. सगळीकडे दिलंय."

आणि मी निघालो! मागे तीन डबे, पुढे मोकळी लाइन! स्टेशन मागे पडलं, पुलाच्या तीन कमानी खालून सरकल्या, लोकरीची झाडं भराभर मागे पळाली. नातीने टाळ्या वाजवल्या. खोक्यातल्या दोन महिन्यांचा सगळा राग मी त्या एका वळणावर विसरलो. आणि मग इस्त्रीच्या टेबलामागचा चढ लागला.

अर्ध्यावर पोचलो आणि चाकं सटकली. ती जागच्या जागी गरगर फिरू लागली. उस्तादांनी कळ वाढवली तशी आणखी फिरली, पण मी तसूभर पुढे सरकेना. उलट डब्यांच्या वजनाने हळूहळू मागे येऊ लागलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"वाळू!" बाबा ओरडले. खऱ्या इंजिनात चाक घसरलं की रुळावर वाळू सोडतात. त्यांनी खिडकीतल्या कुंडीत हात घातला आणि मूठभर माती घेऊन माझ्याकडे धावले.

बाईंनी त्यांचं मनगट धरलं. "बाबा, नको! आत बारीक दातांची चाकं आहेत. मातीने कायमचं बंद पडेल ते!"

बाबांचा हात हवेतच राहिला. मुठीतून माती गळत होती. उस्तादांनी कळ मागे घेऊन मला थांबवलं, वाकून रुळावर बोट फिरवलं, वास घेतला.

"मशीनचं तेल. किती दिलंस?"

"जास्त दिलं," बाबा म्हणाले. "तेव्हा दिलं नव्हतं म्हणून दिलं. उस्ताद, ती डावी पेटी मी विसरलो होतो. तुम्ही स्वतःचं नाव लिहिलंत. तुमची मेल माझ्यामुळे गेली. मी कधी बोललो नाही."

मी चढावर तसाच तिरका उभा होतो.

"मला माहीत होतं," उस्ताद म्हणाले. "पेटी मीच उघडली होती ना. आत ठणठणीत कोरडी."

"मग बोलला का नाहीत?"

"आठ दिवसांनी तुझं लग्न. नवरदेवाला नोकरीवरून घरी बसवलं असतं. मला काय, थोडं वाईट वाटलं. थोडं कशाला, चांगलंच वाईट वाटलं. वर्षभर मेल गेली की मी तोंड फिरवायचो. मग ते गेलं." त्यांनी काठी आपटली. "अरे पण गाडी चढावर उभी आहे आणि तू अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचं काय उकरतोस! आधी पॅसेंजर पोचवू. चाकं पूस."

मग काय धांदल उडाली! बाईंनी स्पिरिटमध्ये चिंधी बुडवून माझी चाकं आणि रूळ घासले. बाबांनी हातची माती धुतली आणि दिवा धरला. पुन्हा निघालो, पण फटींतून तेल अजून पाझरत होतं. मघापेक्षा हातभर वर गेलो आणि पुन्हा सटकलो.

"टाक्या रिकाम्या झाल्या की हे घसरायचंच," उस्ताद म्हणाले. "पाण्याच्या वजनाने रूळ धरायचं. याच्या टाकीत आहे काय?"

"काही नाही काका, पोकळ आहे." एवढं बोलून बाई थबकल्या. मग धावत जाऊन त्यांनी कपाटातून पत्र्याचा डबा काढला. पडदे सरळ पडावेत म्हणून काठात शिवतात त्या शिशाच्या चकत्या! माझ्या टाक्या उघडत नाहीत, पण पाठीवरचा प्लॅस्टिकचा कोळसा निघतो. त्या खणात त्यांनी एकेक करून आठ चकत्या भरल्या आणि वर कोळसा बसवला.

"मागे घे," उस्ताद स्वतःलाच म्हणाले. मला थेट पुलापर्यंत मागे नेलं. आम्ही मागेही तितकेच झोकात धावतो हे मी आधीच सांगितलं आहे. तिथून धाव घेतली. चढ लागला. पाठीवर आठ चकत्या, मागे तीन डबे, आणि बाबा फावडं मारल्यासारखे नकळत खांदे हलवत होते. चाकं एकदा सटकली, आणि पुन्हा रूळ धरला. सावकाश, एकेक वीत करत मी वर गेलो, आणि वरच्या स्टेशनात फलाटाला बिनचूक लागलो! नात ओरडली, बाई ओरडल्या, आणि मला शिट्टी असती तर मीही गल्ली डोक्यावर घेतली असती.

उस्ताद काठी टेकत उठले. फेरी संपली की ड्रायव्हर खाली उतरतो आणि हाताची मागची बाजू चाकाच्या आसापाशी लावून बघतो, तापलाय का ते. ते वाकले आणि हात माझ्या मागच्या डाव्या चाकाला टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला. बाबा बघत राहिले.

"थंड आहे," उस्ताद म्हणाले.

बाबा स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. उस्तादांनी त्यांच्या खांद्यावर तोच हात ठेवला.

तर मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. आम्हाला कपाटात ठेवू नका, धावू द्या. आमच्याबरोबर आलेला कागद वाचा. तेल सुईच्या टोकावर मावेल एवढंच द्या, कारण जास्त मायेनेही आम्ही घसरतो. आणि कुणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर चौदा महिने माझ्यासारख्याची वाट बघू नका. आजच सांगून टाका.

उस्ताद आता फार लांब आहेत. पण दर रविवारी, बाबा पहिली फेरी काढून मला फलाटाला लावतात न लावतात तोच फोन वाजतो. पलीकडून "हॅलो"सुद्धा नाही, एकच प्रश्न.

"डावं मागचं?"

बाबा वाकतात, हात लावतात, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "थंड आहे, उस्ताद!"