फोनला वारा

"टीव्हीला आज हात लावायचा नाय," मालनबाई म्हणाल्या आणि ताम्हनातलं उरलंसुरलं कुंकू बोटावर घेऊन त्यांनी टीव्हीच्या काळ्या चौकटीला आणखी एक टिळा लावला. वर झेंडूचं फूल ठेवलं. ते घसरून खाली पडलं, तसं त्यांनी उचलून पुन्हा ठेवलं. "पूजा झाली. आता उद्यापर्यंत त्याला आराम."

त्यांची सून हर्षाली दारात उभी होती. काखेत कीबोर्ड, हातात वायरींचा गुंता.

"आई, आज परीक्षा आहे माझी!"

"ठावं हाय मला. म्हणून तर पैला तोच पूजला. तुझ्या कामाचं हत्यार हाय ना ते!"

खंडेनवमीचा दिवस होता. नाशिकजवळ मातोरी रस्त्यावरच्या आपल्या मळ्यात सकाळपासून मालनबाई ताम्हन घेऊन फिरत होत्या. कोयते, खुरपी, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, शेडातला वजनकाटा, सगळ्यांना हळदीकुंकू लागलं होतं. या दिवशी पूजलेल्या हत्याराला कामाला लावायचं नाही, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उचलायचं, हा त्यांच्या घरातला रिवाज. फूलवाल्यांची यात काही अडचण होत नाही, कारण झेंडू नुसत्या हाताने तोडतात. तसं पाहिलं तर वर्षातली सगळ्यात मोठी तोड याच दिवशी असते. हत्यारं आराम करतात आणि माणसं कंबर मोडेस्तोवर राबतात. पण याबद्दल आजवर कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

मालनबाईंचं गणित साधं होतं. महिनाभर रोज दुपारी त्यांची मालिका बंद करून हर्षाली टीव्हीसमोर बसायची. टीव्हीवर एक काळं-पांढरं बदकासारखं पाखरू यायचं, मग चौकटी उघडायच्या, मग अक्षरांच्या ओळीच्या ओळी. अक्षरं टीव्हीवर, काम टीव्हीवर, म्हणजे कॉम्प्युटर टीव्हीच. शेजारी फोन पडलेला असायचा, पण फोन काय, सगळ्यांच्याच घरात पडलेला असतो. त्याला कोण हत्यार म्हणणार?

हर्षालीला हसावं की रडावं कळेना. तिचा माहेरचा लॅपटॉप जळला होता आणि नवा दिवाळीपर्यंत येणार नव्हता. पुण्याच्या एका कंपनीने घरबसल्या करायच्या कामासाठी परीक्षा ठेवली, ती नेमकी आज. आधीच्या एका कंपनीने लॅपटॉप कुठला विचारलं होतं आणि नाही म्हटल्यावर फोन ठेवून दिला होता. या कंपनीच्या बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "लिनक्स चालतं ना तुमच्याकडे?" लिनक्स म्हणजे ते पाखरू दाखवणारी प्रणाली, ती चालत होती. हर्षाली हो म्हणाली. कशावर चालतं ते त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मध्येच काही बंद पडलं तर पुन्हा बसू देणार नव्हते.

"आई, हा कॉम्प्युटर नाही हो," ती म्हणाली. "हा नुसता पडदा आहे."

"मंग कॉम्प्युटर कुठंय?"

हर्षालीने वायरींच्या गुंत्यातून फोन काढून वर धरला. "ह्यात."

"मला काय येडी समजती का गं?"

"बसा इथं. टीव्हीला मी हातसुद्धा लावत नाही."

तिने मालनबाईंना खाटेवर बसवलं आणि फोन त्यांच्या तळहातावर ठेवला. दोन-तीन ठिकाणी बोट लावलं. फोनवर आधी काळा पडदा आला, त्यावरून पांढऱ्या ओळी भराभरा वर सरकल्या आणि मग, बाई गं, तेच पाखरू! तीच खालची पट्टी, त्याच चौकटी, तीच अक्षरं, फक्त मोहरीएवढी. मालनबाईंनी फोन उलटा करून मागे पाहिलं. मागे कॅमेऱ्याची भोकं होती, आणखी काही नव्हतं.

"हे सगळं इथं होतं," हर्षाली सांगू लागली. "टीव्ही ते नुसतं मोठं करून दाखवतो. फोनमध्ये फोनचं आपलं चालूच असतं आणि त्याच्याच पोटात हा दुसरा अख्खा कॉम्प्युटर चालतो."

"आन् हे त्याच्या पोटात भरलं कोणी?"

"मीच. डाउनलोड केलं. फुकट मिळतं ते. जगभरातल्या लोकांनी थोडं थोडं करून बनवलंय. कोणी काही लिहिलं, कोणी चुका दुरुस्त केल्या. ज्याला पाहिजे त्याने घ्यावं."

"वळखीचे हायत का ते लोक?"

"छे! कुठले कुठले."

मालनबाईंनी फोन हळूच सुलटा केला. एवढ्याशा डबीत कॉम्प्युटर मावतो याचं नवल होतंच, पण ज्यांचं तोंड पाहिलं नाही अशा माणसांनी आपल्या सुनेसाठी एवढं करून ठेवलंय, याचं त्यांना त्याहून नवल वाटलं. आयुष्य फुलांत गेलं होतं त्यांचं. मातीत बोटाएवढं रोप लावावं आणि त्याला परडीभर फुलं यावीत, याची त्यांना सवय होती. पण हे काही वेगळंच होतं. त्यांनी तळहातावरच्या फोनला कपाळ टेकवलं. कुंकू लावायची मात्र त्यांची छाती झाली नाही. लावलं असतं तर त्यालाही आराम द्यावा लागला असता.

"पण आई, टीव्ही लागेल मला. एवढ्या बारीक अक्षरांत नाही जमणार."

आता आली का पंचाईत! पूजलेल्या टीव्हीला कामाला लावायचं कसं? मालनबाईंनी डोकं खाजवलं, ताम्हनाकडे पाहिलं, देव्हाऱ्याकडे पाहिलं.

"तो नुसता दाखवतो म्हनली ना तू? मंग दाखवू दे. दाखवणं म्हंजी काय काम नाय." त्यांनी टीव्हीवरचं फूल उचलून स्वतःच्या अंबाड्यात खोवलं. "लाव तू. पाप लागलं तर मला लागंल."

बाहेरून चिमाजींची हाक आली. "अहो, येताय का वावरात? का दिवसभर पूजाच करताय?"

चिमाजी म्हणजे मालनबाईंचे यजमान. नवमीला आपल्या घरातली एक बाई खोलीत बसून राहणार, हे त्यांना सकाळपासून टोचत होतं. पहाटे पिकअप गणेशवाडीच्या फूलबाजारात पोचली पाहिजे, दसऱ्याच्या दुपारनंतर झेंडूला कुत्रं विचारत नाही, हे त्यांनी चहाच्या वेळी तीनदा सांगितलं होतं. तेव्हा मालनबाईंनी शब्द दिला होता, "तिच्या वाटच्या वळी मी तोडते. एक फूल ऱ्हायलं तर मला बोला."

हर्षालीच्या वाट्याच्या ओळींचा तो शब्द पाळायला त्या वावरात गेल्या. त्यांचा हात वाऱ्यासारखा चालायचा. दोन्ही हातांनी तोडायच्या, ओटीत टाकायच्या, ओटी कॅरेटमध्ये रिकामी करायच्या. तीन मजूर बायका आणि मुलगा समाधान, सगळे मागे पडले. दुपार चढली. दसऱ्याच्या सुमाराचं ऊन, पाठ भाजून निघत होती. पिण्याचं पाणी संपलं म्हणून त्या कळशी घेऊन घरी आल्या.

हर्षाली टीव्हीसमोर उभी होती. फोन हातात धरून त्याच्यावर फुंकर घालत होती. डोळ्यांत पाणी.

"काय झालं गं?"

"तापला. पत्र्याची खोली, त्यात चार्जिंग चालू, त्यात एवढं काम. बघा, बाण हलतच नाहीये नीट. अजून तापला ना, तर सगळं बंद करून टाकेल तो. निम्मीच झालीय परीक्षा!"

मालनबाईंनी फोनला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा आणि घ्यावा, तसा. त्या धावत मोरीकडे गेल्या आणि ओलं गोणपाट पिळून घेऊन आल्या. फुलं उन्हाने मान टाकायला लागली की त्या हेच करायच्या.

"पाणी नको!" हर्षाली किंचाळली. "आई, पाणी नको! मरेल तो!"

"मंग टेबलफॅन आणू का शेडातून?"

हर्षालीने नको म्हणून मान हलवली. शेडात सकाळपासून तोडलेली सगळी फुलं होती, फॅन त्यांच्यावर होता. तो काढला तर रात्रीपर्यंत फुलं काळी पडली असती, हे तिलाही ठाऊक होतं.

मालनबाईंनी भिंतीवरचं सूप काढलं. स्टीलची थाळी उपडी केली, तिच्यावर फोन ठेवायला लावला, समोर मांडी घालून बसल्या आणि वारा घालायला लागल्या.

"तू तुझं कर. हिकडं बघू नको."

हर्षाली कीबोर्डवर वाकली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग टीव्हीवरचा तो पांढरा बाण अडखळला, हलला आणि हळूहळू पळायला लागला. अक्षरं पुन्हा भराभर उमटू लागली. कोणीतरी चुकीचं लिहून ठेवलेलं शोधायचं आणि चालतं करायचं, असं काहीतरी ते काम होतं. हर्षालीची बोटं तिकडे चालत होती आणि मालनबाईंचं मनगट इकडे.

मध्ये त्यांचा हात भरून आला. त्यांनी सूप डाव्या हातात घेतलं, तेवढ्यात बाण रेंगाळला. पुन्हा वारा लागला, पुन्हा पळाला. मालनबाई बघतच राहिल्या. त्यांनी मुद्दाम जरा जोरात वारा घातला. आपल्या सुपाचा वारा त्या डबीत शिरतो आणि टीव्हीवर अक्षरं होऊन बाहेर पडतो, असंच त्यांना वाटलं, आणि त्यात फारसं खोटंही नव्हतं. त्यांना लिहिता-वाचता बेताचंच यायचं. आणि आता एवढी मोठमोठी इंग्रजी अक्षरं त्यांच्या हाताच्या जोरावर धावत होती. किती मोठं काहीतरी चाललंय आपल्या घरात, आणि आपण त्यात आहोत!

"कळशी भरायला आलाय का विहीर खणायला?" म्हणत चिमाजी दारात आले आणि तिथेच थबकले. टीव्हीच्या कपाळाला कुंकू, सून टीव्हीसमोर आणि बायको सुपाने फोनला वारा घालतेय.

"हे काय चाललंय?"

मालनबाईंनी ओठावर बोट ठेवलं.

"अहो, विहिरीकडच्या वळी तशाच हायत! फुलं ऱ्हातील ना!"

"ऱ्हाऊ द्या."

चिमाजींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांच्या संसारात मालनबाईंच्या तोंडून फुलांबद्दल हे शब्द कधी आले नव्हते. अंगावरच्या लग्नाच्या हळदीसकट जी बाई झेंडू तोडायला आली होती, ती म्हणत होती राहू द्या! ते कळशी उचलून स्वतःच पाणी भरायला गेले.

ऊन कलल्यावर हर्षालीने शेवटचं बटण दाबलं आणि खुर्चीत मागे टेकली. "झालं, आई."

मालनबाईंनी सूप खाली ठेवायचा प्रयत्न केला, तर बोटं उघडेनात. हर्षालीने एकेक बोट सोडवून ते काढून घेतलं.

दिवेलागणीला त्याच फोनवर कंपनीच्या बाईंचा फोन आला. काम आवडलं होतं. सोमवारपासून सुरू करा, आधी दोन महिने बघू, म्हणाल्या. मग सहज त्यांनी विचारलं, लॅपटॉप कुठला वापरता?

"फोन वापरला मी, मॅडम," हर्षाली म्हणाली. "टीव्हीला जोडून."

बाई चाटच पडल्या. "सगळी परीक्षा? फोनवर? तापला नाही?"

हर्षालीने मालनबाईंकडे पाहिलं. त्या हातवारे करून सांगत होत्या, सुपाचं नको सांगू, सुपाचं नको सांगू. हर्षाली हसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. मालनबाई लाजून चुलीकडे पळाल्या.

रात्री चिमाजी उशिरा जेवायला बसले. अंधार पडेपर्यंत तोडूनही विहिरीकडच्या ओळी राहिल्याच होत्या. मालनबाईंनी ताटात भाकरी वाढली. "बोला मला. शब्द दिलता, नाय पाळला." चिमाजींनी नुसती भाकरी मोडली. पहाटे ते आणि समाधान पिकअप घेऊन गणेशवाडीला गेले.

दसऱ्याला उजाडल्यावर मालनबाई गवत कापायला विळा घेऊन निघाल्या. विहिरीच्या वळणावर आल्या आणि त्यांचे पाय थांबले.

त्या ओळी फुलल्या होत्या. कालच्या कळ्याही रात्रीत उमलल्या होत्या आणि उन्हाची पहिली तिरीप त्यांच्यावर पडली होती. केशरी आणि पिवळं, विहिरीच्या काठापासून थेट बांधापर्यंत. सासरी आल्यापासून एवढे दसरे झाले, पण दसऱ्याच्या दिवशी आपलं वावर फुललेलं मालनबाईंनी एकदाही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांची फुलं नाशकातल्या दारांवर असायची, गाड्यांवर असायची, देवांच्या गळ्यात असायची, आणि त्यांच्या वाट्याला नुसती हिरवी ओरबाडलेली झाडं उरायची. त्यांनी विळा खाली ठेवला. आपण एवढं सुंदर पिकवतो, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. रस्त्यावर पिकअप थांबल्याचा आवाज आला. चिमाजी उतरून बांधावरून चालत आले. आता बोलणार, म्हणून मालनबाईंनी पदर सावरला. चिमाजी शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"असं दिसतंय व्हय आपलं वावर," ते म्हणाले.

मालनबाईंनी मान हलवली. मग दोघंही तिथेच उभी राहिली.