तिसरा बोल्ट

आमचे हे गाडीच्या पोटात हात घालताना डोळे मिटतात. "तिथे डोळ्यांचं काय काम?" म्हणतात. तीस वर्षं मी त्यांना त्यावरून हसत आले. आज हसले नाही, कारण मघापासून डोळे मिटलेलेच होते आणि हाताला काही लागत नव्हतं.

शाळेतल्या बाईंची जुनी गाडी. कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, टाकी तडकलेली, आणि ती बसवलीय कुठे, तर पुढच्या चाकाच्या वर, मडगार्डच्या आत. चाक काढा, आतलं प्लॅस्टिक काढा, मग दोन बोल्ट दिसतात. तिसरा टाकीच्या मागे. तो फक्त बोटांना कळतो. आणि यांची बोटं साखरेच्या दुखण्याने गेले सहा महिने बधिर, मुकी झाली होती. ते मला ठाऊक होतं; मला ठाऊक आहे, हे यांना ठाऊक नव्हतं. "हात गेला की गॅरेजला कुलूप," असं हे लग्नाच्या आधीपासून म्हणत आलेत, आणि या माणसाने बोललेलं कधी फिरवलं नाही. कुलूप लागलं तर घरात बसून हा वाळून जाईल, याची मला फार भीती वाटत होती.

"सरका. माझा हात बारीक आहे."

"खराब होतील हात."

"भांडी घासून काय सोन्याचे राहिलेत?"

ते मुकाट सरकले, यावरूनच काय ते ओळखा.

मी कोपरापर्यंत हात आत घातला. डोळे आपोआप मिटले.

"वर जा," शेजारी जमिनीवर आडवे होऊन ते हळू आवाजात सांगू लागले. "थंड पत्रा लागेल. त्याच्या कडेने चल. आता एक मऊ नळी."

"लागली."

"तिला वळसा घाल. पुढे खळगा आहे, तिथे बोटांना जरा विसावा मिळतो."

खरंच मिळाला. हा माणूस रोज कुठे जात होता, ते मला आज कळत होतं. बाहेर कुणी सायकलची घंटी वाजवली, ती दुसऱ्याच गावात वाजल्यासारखी वाटली. त्या अंधारात वाटा होत्या, वळणं होती, आणि जाईन तिथे त्यांचा आवाज माझ्या आधी पोचलेला. मला तिथून बाहेर यावंसंच वाटेना.

बोल्ट सापडला. पाव-पाव फेरा करत निघाला. जुनी टाकी बाहेर आली, नवी आत गेली, तिसरा बोल्ट मीच आवळला. खालची नळी यांनी बसवली. ती दिसते, म्हणून बसवू दिली.

मी कूलंट ओतलं. नळीच्या सांध्यावर बोट ठेवून हे खाली पडून राहिले. मी वाकून पाहिलं. हिरवं पाणी सांध्यातून निघून त्यांच्या बोटावरून मनगटाकडे ओघळत होतं, आणि हे छताकडे बघत स्वस्थ होते.

तसेच पडून म्हणाले, "कोरडं आहे ना गं?"

ज्याने जन्मात कुणाला रस्ता विचारला नाही, तो आपल्याच बोटाबद्दल मला विचारत होता. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण उद्या बाई ती गाडी घेऊन लांब जाणार होत्या.

"ओलं आहे," मी म्हटलं.

त्यांनी बोट डोळ्यांसमोर धरलं आणि नुसते पाहत राहिले. आता कुलूपच काढतील, असं मला वाटलं.

"नळीवरची क्लिप अर्धा फेरा कमी आवळली गेलीय," ते म्हणाले. "स्क्रूड्रायव्हर घे. मी सांगतो."

मी घेतला. तेवढ्यात, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "उद्या गॅरेजला किती वाजता येशील?"