सूचना क्रमांक नऊ

प्रवेशाच्या खिडकीतल्या बिरदेवनं दाखला उलटा केला आणि मागच्या बाजूच्या प्लास्टिकवर बोटानं टकटक केलं.

"आता ह्याच्यावर शिक्का कुटं मारू?"

मी चंद्रिकाच्या मागे तीन पावलांवर उभा होतो. भिंतीवरच्या घड्याळात तीन चाळीस झाले होते.

शहरात आमच्या महाविद्यालयाच्या तीन इमारती आहेत. साखर पेठेतल्या जुन्या इमारतीत शिवण आणि संगणक, अशोक चौकात रुग्णसेवा, आणि होटगी रोडच्या या नव्या इमारतीत यंत्रांचे सगळे कोर्स. निवृत्त झाल्यापासून मी दुपारी जुन्या इमारतीच्या वाचनालयात बसतो आणि येणाऱ्यांचे अर्ज भरून देतो. मानधन देत होते, मी नको म्हटलं. उद्या काही चुकलं तर पैसे घेऊन चुकला असं कुणी म्हणू नये.

चंद्रिका चौतीस वर्षांची. बारा वर्षं यंत्रमाग चालवला, बिघडला की स्वतःच खोलून बसायची. तिला फ्रीज-एसी दुरुस्तीचा कोर्स हवा होता. वीस जागांपैकी एक उरली होती आणि ती आज पाचपर्यंत तिच्यासाठी राखलेली होती. पाचनंतर यादीतल्या पुढच्याला फोन जाणार होता.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला घेऊन त्याच्या पाठीवर 'प्रवेश दिला' असा शिक्का मारतात. एकाच दाखल्यावर दोन ठिकाणी प्रवेश होऊ नये म्हणून. चंद्रिकाचा दाखला चारही घड्यांवर विरला होता. चार दिवसांपूर्वी वाचनालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मीच तो लॅमिनेट करून आणला होता. आणताना मला बरंही वाटलं होतं.

"कुणी केलं हे?" बिरदेवनं विचारलं.

मी तोंड उघडलं. शब्द यायच्या आत चंद्रिका बोलली, "मीच केलं की. घडीवर फाटालता."

"पुस्तिका वाचली न्हाय काय बाई? नऊ नंबरला ठळक लिवलंय. लॅमिनेशन केलेला दाखला चालणार न्हाय. शाळेतनं दुसरी प्रत आणा."

"किती दिवस लागतेत?"

"प्रतिज्ञापत्र, अर्ज, सही. आठ-दहा दिवस धरा."

प्रवेशाची ती पुस्तिका छापायच्या आधी मीच दोनदा तपासली होती. कितीतरी स्वल्पविराम दुरुस्त केले होते. नववी सूचना माझ्या पेन्सिलीखालून गेली होती आणि मी तिच्यात फक्त एक अनुस्वार घातला होता.

"मी केलं," मी म्हणालो.

बिरदेवला ऐकू गेलं नाही. मला पुन्हा म्हणावं लागलं, आणि या वेळी आवाज नको तेवढा मोठा आला. रांगेतले लोक वळून बघू लागले.

"तुमी? तुमी ते जुन्या इमारतीतले अर्जवाले गुरुजी ना?" बिरदेव हसला. "मग तर कमालच झाली की ओ."

"काका, कशाला बोललाव?" चंद्रिका पुटपुटली.

तेवढ्यात कोर्सचे शिक्षक अनीश सर अंतिम यादी न्यायला आले. तिशीचा पोरगेला माणूस, हाताला काळं ग्रीस. त्यांनी दाखला उजेडात धरला.

"हीट गनच्या गरम हवेनं निघेल. म्हणजे निघू शकेल. मागचीच बाजू सोडवायची. पण शाई उडाली तर माझ्याकडं बोट दाखवायचं नाही."

चंद्रिकानं माझ्याकडे पाहिलं. "काका, करू?"

शाई उडाली तर आजची जागा जाईलच, वर तो दाखलाही जाईल.

"कागद तुझा आहे," मी म्हणालो. "या वेळी मी सांगत नाही."

ती अनीश सरांना म्हणाली, "गन द्या. पण आधी दुसरं कायतरी द्या, हात बसू दे."

कार्यशाळेत पाठी उघडलेले फ्रीज ओळीनं उभे होते. सरांनी भिंतीवरची 'यंत्रांना हात लावू नये' ही लॅमिनेट केलेली सूचनाच काढून तिच्या हातात दिली. पहिल्या खेपेला कागद तपकिरी झाला. दुसऱ्या खेपेला तिनं गन लांब धरली आणि कोपरा सुटला.

"आता आणा," ती म्हणाली.

मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो. मागे गनची घरघर चालू होती. ती थांबली की काळीज थांबायचं, पुन्हा सुरू झाली की बरं वाटायचं.

"गुरुजी, श्वास घ्या की," अनीश सर म्हणाले. "तुम्हाला उचलून कोण नेणार?"

चार पस्तीसला प्लास्टिकचा एक आख्खा पापुद्रा चंद्रिकाच्या हातात होता. कागदाची पाठ खरबरीत झाली होती. पुढच्या बाजूचं तिचं नाव, जन्मतारीख, शाळेचा गोल शिक्का, सगळं जागेवर होतं.

बिरदेवनं दाखला डोळ्यांजवळ नेला. "हितं भोक पडलंय."

"ते आधीपासनंच होतं," चंद्रिका म्हणाली.

होतं का? मला आठवत नव्हतं. बिरदेवनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, शिक्का शाईत दाबला आणि मारला. खरबरीत कागदावर अक्षरं जरा पसरली, पण वाचता येत होती.

"सोमवारी दहाला," अनीश सर म्हणाले. "साडी नको, ड्रेस घालून या."

चंद्रिका फोनवर घरी तेलुगूत सांगत बाहेर गेली. मला तिच्या मागोमाग जायचं होतं. पाय निघेनात.

"आता काय राहिलं गुरुजी?" बिरदेव म्हणाला.

"मी लॅमिनेट केलेले अजून दोन दाखले आहेत," मी म्हणालो. "याच आठवड्यातले. शिवणवाल्या दोघींचे. त्यांची शेवटची तारीख परवा आहे."

बिरदेवनं हातातला शिक्का खाली ठेवला. मी चष्मा पुसला आणि त्या दोघींची नावं सांगितली.